साहेबाचे जोडे

यादव मास्तरांना आपल्या इंग्रजीचा भारी तोरा. नाशकात कुणी गोरा पाहुणा आला की दुभाषा म्हणून त्यांनाच बोलावणं जायचं. समोरचा बोलेल ते शब्दाला शब्द सांगायचं, पदरचं घालायचं नाही की गाळायचं नाही, हा त्यांचा बाणा. बाणा कसला, खोडच ती. त्या खोडीनंच घात केला.

१९३४ सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. अमेरिकेहून मिसेस कोल नावाची बाई आली. तिचे आजोबा, बेंटन साहेब, ओहायोतून येऊन सातपूरच्या शिवारात द्राक्षाची बाग लावून बरीच वर्षं राहिले होते. मग मायदेशी परतले, तिथं लग्न केलं आणि म्हातारे होऊन तिच्या डोळ्यांदेखत वारले. त्यांचा इथला इतिहास तिला हवा होता, पण हौसेपोटी नव्हे. आजोबांचं अंग कायम गार असायचं. तो गारठा तिच्या वडिलांत उतरला, भावांत उतरला, भाऊ तर ऐन तारुण्यात गेले. आता तिचा लहानगा वॉल्टर अंथरुणाला खिळला होता. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि सांगितलं, आजोबांनी हे दुखणं कुठून आणलं ते शोधा, तिकडच्या लोकांना औषध ठाऊक असेल. बिचारी एकटी एवढा समुद्र ओलांडून आली होती.

दुपारी जमीलच्या टांग्यातून दोघं सातपूरला निघाली. बाई मागे बसली, मास्तर जमीलशेजारी पुढे. थोडं गेल्यावर जमीलनं टांगा थांबवला.

"मास्तर, तुम्ही मागं बसा. टांगा पुढं झुकतोय, मागं कुणी नसल्यासारखा."

बाई तर चांगली उंचपुरी होती. टांगा जुना झालाय तुझा, असं म्हणत मास्तर मागे जाऊन बसले.

साहेबाला पाहिलेलं एकच माणूस गावात उरलं होतं, म्हातारी भागीबाई. तिचे सासरे सावळीराम साहेबाच्या बागेचे माळी. तिनं घर नुकतंच सारवलं होतं, जमीन अजून ओली होती. बाईनं शहाण्यासारखे बूट उंबऱ्याबाहेर काढले आणि आत येऊन घोंगडीवर बसली. मास्तरांची पावलं सारवणावर उमटली होती. भागीबाई बाईच्या पायांकडे बघत राहिली.

मास्तरांनी आजाराचं विचारलं. साहेबाला कसलं दुखणं होतं का? ते बरे होऊन घरी गेले ना?

"घरी?" भागीबाई म्हणाली. "साहेब हितंच मेला. माझ्या सासऱ्यानं चिंचेखाली पुरला त्याला. मी नवी नवरी होते तवा."

मास्तरांनी ते भाषांतर घशातच ठेवलं. आधी सगळं ऐकून घेऊ म्हणाले. म्हातारी हलक्या आवाजात सांगू लागली. साहेबाला मागे कुणी रडायला नव्हतं, म्हणून सावळीरामांनी आपल्या घरच्या माणसासारखं त्याचं केलं. जीव गेला त्या जागी पीठ चाळून पसरलं, दिवा लावला, वर पाटी झाकली. गेलेला कोणत्या जन्माला गेला ते सकाळी पिठावर उमटतं. त्याच्या नावानं जोडे दान द्यायचे, तर गोऱ्याचे जोडे घ्यायला कुणी धजेना. मग सावळीरामांनी ते दिव्यापाशीच ठेवले. मायेनंच ठेवले हो.

"सकाळी जोडे नव्हते. पिठावर त्यांचेच ठसे, दाराकडं गेलेले. दोन दिसांनी स्टेशनावर साहेबाला गाडीत चढताना लोकांनी पायला. सासरे तापानं फणफणले."

मास्तरांच्या मानेवर काटा आला. पण शिकलेला माणूस. लाज वाटून हसले.

"हिला सांगू नको, मास्तर," भागीबाई म्हणाली. "अशांना मेल्याचं कुणी ध्यानात आणून देत नाय, तवरच ती असत्यात. त्याची पोरंबाळं बी."

बाईनं मास्तरांचा हात धरला. विहिरीतल्या दगडासारखा गार हात.

"ही काय म्हणाली? काही गाळू नका. माझा मुलगा मरतोय."

वेड्या म्हातारीच्या बोलण्यानं काय बिघडणार होतं? आणि आईपासून लपवायचं तरी कसं? मास्तरांनी शब्दाला शब्द सांगितलं. चिंच, पीठ, जोडे, शेवटची ताकीदसुद्धा.

बाई रडली नाही. आपल्या हातांकडे बघत राहिली.

"म्हणजे औषध नाहीच," ती म्हणाली. मग उठली आणि वाऱ्याला म्हणून दाराकडे गेली.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं. मान वर केली तर दारात नुसतं ऊन होतं.

ते बाहेर धावले. जमील टांग्यात दाराकडेच तोंड करून बसला होता. कुणीच बाहेर आलं नाही, म्हणाला.

सारवण अजून ओलं होतं. त्यावर मास्तरांचीच पावलं होती, जातानाची आणि येतानाची.

"मास्तर," भागीबाईनं आतून विचारलं, "तिचे जोडे गेले का हायेत?"

आहेत म्हणायला मास्तर वळले. उंबऱ्याबाहेर बाईचे बूट काढले तसेच होते.



त्या बुटांना खेटून, मघाशी नसलेली, लहान मुलाच्या बुटांची एक जोडी होती. उजव्या बुटाची नाडी सुटलेली होती.