मॉनिटरमधली हाक

ज्याला पटेल त्याने मानावं, मी कुणाच्या मागे लागणार नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि तेही भरदुपारी.

मी एका रॉक बँडमध्ये गाते. माझा धाकटा भाऊ ड्रम वाजवतो.

म्हणजे... वाजवायचा.

त्या शनिवारी आमचा कार्यक्रम एका तळघरातल्या बारमध्ये होता. चिंचोळा जिना, काळ्या भिंती, हात वर केला की लागेल एवढं छत. खिडकी एकही नाही. बाहेर लख्ख ऊन आणि खाली मिट्ट काळोख.

साउंड चेकला आम्ही तिघंच होतो. मी, भाऊ आणि साउंडवाले काका. बाकीचे अजून वाटेत होते.

मी गायला लागले. पायाशी मॉनिटर होता, म्हणजे आपला आवाज आपल्यालाच ऐकवणारा स्पीकर.

दुसऱ्या ओळीला त्यातून आणखी एक आवाज आला...

बाईचा.

"काका, तो इको काढा ना."

"लावलाच नाहीये गं," काका म्हणाले.

मी गायची थांबले.

ती थांबली नाही...

काकांनी माझा माइक बंद केला. मग अख्खा मिक्सरच बंद केला. तरी ती गातच होती. ओळ पुरी करून हळूच म्हणाली,

"पिट्ट्या, ये ना रे."

पिट्ट्या हे भावाचं घरातलं नाव. बाहेर कुणालाच माहीत नाही.

मी गर्रकन वळले. ड्रममागचं स्टूल रिकामं होतं...

स्टेजच्या मागे सामानाची खोली होती. तिथे तो भिंतीला कपाळ टेकवून उभा होता. अंग गार. दंडाला धरून ओढलं, तर जागचा हलेना. काकांनी आणि मी त्याला अक्षरशः फरफटत वर आणलं.

उन्हात आल्यावर तो भानावर आला.

"ताई, आत बोलावलंस आणि दार का लावून घेतलंस?"

त्या खोलीला दारच नव्हतं. नुसती चौकट.

कार्यक्रम रद्द झाला. काका वायरी तशाच टाकून घरी गेले.

पुढच्याच आठवड्यात भावाने ड्रम विकले. त्या दिवसाचा विषय त्याने कधी काढला नाही. फक्त एकदा, जेवता जेवता, सहज बोलावं तसं बोलला.

"तुझ्यापेक्षा गोड गात होती, ताई."

आणि हसला.

म्हणजे उन्हात त्याने मला काहीही विचारलं असलं, तरी ती मी नव्हते, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

तरी तो आत गेला...