सकाळची डमी

पोस्टरवर ताईचं नाव 'तोफ' असंच छापलं जायचं, आणि ते काही उगाच नव्हतं. तिची उभी हयात रॉक गाण्यात गेली. चामडी जाकीट, जाड तळव्याचे बूट, माइक असा धरायचा की जणू त्याचं आणि तिचं जुनं वैर आहे, आणि सूर असा लावायचा की शेवटच्या रांगेतल्या माणसानेही दचकून मान वर करावी. मग एक दिवस घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून आत पाहिलं आणि सांगितलं, बाई, स्वरतंतूंवर गाठी आहेत, ओरडणं बंद करा, नाहीतर बोलणंही बंद होईल. झालं! आता तोफेनेच कुजबुजायचं म्हटल्यावर तिने काय करावं? तिने जुन्या जॅझ आणि स्विंगच्या गाण्यांचा अल्बम करायला घेतला. नाचघरांत वाजायची तसली गाणी, संथ, लाडिक, ओठांशी बोलल्यासारखी.

बँड फुटला तेव्हा ती रडली नव्हती. नवरा सोडून गेला तेव्हाही, खरं सांगायचं तर, तिने आधी कपाटात मोकळी झालेली जागा पाहिली होती. पण आवाजाचं नाव निघालं की तिचा हात नकळत गळ्याकडे जायचा. आवाज तेवढा तिचा स्वतःचा होता, बाकी सगळं आलं-गेलं.

स्टुडिओ एका फर्निचरच्या गोदामावर होता. जिना चढताना पॉलिशचा वास यायचा, आत शिरलं की जुन्या गालिच्याचा. मोठ्या खोलीत पियानो, ड्रम, उभा बास. कोपऱ्यात काचेची लहानशी खोली गायकासाठी, तिला आतून जाड पडदा आणि मागच्या जिन्याकडे उघडणारं एक दार. समोरच्या काचेमागे रेकॉर्डिस्ट बसायचा. तानसेन नसला तरी कानसेन आहे, म्हणून सगळे त्याला कानसेनच म्हणत. बोटं यंत्रावर, डोळे मिटलेले, आणि खिशात कायम आल्याच्या वड्या.

कामाची रीत साधी ठरली होती. ताईचा घसा दुपारशिवाय उघडायचा नाही. म्हणून सकाळी वाजवणारे यायचे आणि तिच्या जागी तिच्या धाकट्या बहिणीने डमी गायची. डमी म्हणजे कच्चा आवाज, वादकांना गाणं कळावं एवढ्यापुरता. दुपारी ताईने तीच डमी हेडफोनमध्ये हळू ऐकत आपलं खरं गाणं गायचं आणि मग डमी पुसून टाकायची. धाकटी आयुष्यभर ताईच्या मागे उभी राहून कोरस गात आली होती. लाजरी होती, कुणी बघत असलं की तिचा सूर हलायचा. म्हणून सकाळी काचेच्या खोलीचा पडदा ओढलेला असायचा.

पहिल्याच दुपारी ताईने हेडफोन चढवला आणि ती जागच्या जागी थांबली. डमी फारच सुरेख होती. प्रत्येक शब्द ठेक्याच्या जरासा मागून यायचा, अगदी केसभर, आणि त्या केसभरातच सगळी गंमत होती. रॉकवाले ठेक्याच्या पुढे धावतात. ताईला हे मागे रेंगाळणं कधी जमलं नव्हतं.

'ही कार्टी हे कुठे शिकली?' तिच्या मनात आलं. पण कौतुक करेल तर ती ताई कसली! ती त्या आवाजाच्या मागोमाग गायली, जिथे तो थांबला तिथे थांबली, आणि गाणं एका दमात झालं.

"तोफेला मखमलीचं कव्हर घातलंस की!" पियानोवरून मामा ओरडले. ते तिचे सख्खे मामा. तिला पहिला सूर त्यांनीच दाखवला होता, आणि तिचं कौतुक त्यांनी आजवर एवढ्या उघडपणे कधी केलं नव्हतं.

ताईला तिथेच पहिली शंका आली. कुणी कौतुक केलं की तिला शंका यायचीच, आणि त्याला कारणही होतं. तरुणपणी एका निर्मात्याने तिच्या रेकॉर्डवरचा सगळ्यात उंच सूर दुसऱ्याच मुलीकडून गाऊन घेतला होता, तिला न विचारता. लोकांनी नेमक्या त्याच सुराला दाद दिली. दुधाने तोंड पोळलेलं, आता ती ताकही फुंकून प्यायची.

पुढची गाणीही अशीच झाली. दर वेळी डमी आदल्या दिवसापेक्षा सरस, आणि ताई तिच्या मागे. मग एका दुपारी कानसेनने झालेलं गाणं वाजवून दाखवलं आणि ताईने हात वर केला.

"थांबव. तो श्वास कुणाचा?"

"कुठला श्वास?"

"दुसऱ्या ओळीच्या आधी. नाकाने घेतलाय, हळूच. मी तोंडाने घेते. माझा श्वास गल्लीच्या टोकाला ऐकू जातो."

कानसेनने तो तुकडा परत ऐकला. "तुमचाच आहे, ताई. तुमच्याच माइकवर आलाय."

त्या दिवसापासून तिने डोळ्यांत तेल घालून बघायला सुरुवात केली. ती आत आली की धाकटी आणि कानसेन बोलायचे थांबतात. मामा तिच्या नजरेला नजर देत नाहीत. घरी जाताना धाकटी गाडीत खिडकीबाहेर बघत बसते, सकाळ कशी गेली विचारलं तर नुसतं "बरी" म्हणते. चोराच्या मनात चांदणं, ताईला वाटलं. तिचा हिशेब पक्का झाला. हे लोक डमी पुसतच नाहीत. धाकटीचं गाणं माझ्या नावावर खपवतायत, कारण माझ्यात आता काही उरलं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

या विचाराने तिला रडूच आलं. रागाचं नव्हे, भीतीचं.

शेवटचं एक गाणं उरलं होतं. त्या दुपारी ती आली ती तडक कानसेनच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. धाकटी आणि मामा तिथेच चहा पीत होते.

"सगळ्या डम्या पूस. माझ्या डोळ्यांदेखत."

"अल्बम पुरा झाल्यावर एकदमच पुसणार होतो," म्हणत कानसेनने एकेक पुसली.

"आता माझाही आवाज बंद कर. नुसता पियानो लाव."

पियानो वाजू लागला. आणि त्याच्या आत, खूप खाली, पलीकडच्या खोलीत कुणी गुणगुणावं तसा तो आवाज होताच. केसभर मागे.

"बघ!" ताई म्हणाली. "हे काय आहे?"

"सकाळचा आवाज पियानोच्या माइकमध्ये झिरपलाय," कानसेन म्हणाला. "होतं असं. काचेतून थोडं येतं."

ताई धाकटीकडे वळली. "एवढ्या जोरात गात होतीस? मला खाली ओढायला एवढा जोर आला कुठून गं तुझ्यात?"

धाकटीच्या हातातला कप खाली आला. "मी? ताई, मी कुठे गायले?"

"नाटकं करू नकोस."

"एकसुद्धा गाणं गायले नाही मी." तिचा आवाज चिरकला. "आईला रोज सकाळी दवाखान्यात सोडून मी इथे यायचे तर उशीर झालेला असायचा. पडदा ओढलेला, यांचं वाजवणं चालू, आणि तू आत गात असायचीस. मला वाटलं, तुला माझा भरवसा नाही, म्हणून स्वतःच येऊन डमी गातेस आणि मागच्या जिन्याने निघून जातेस. खूप वाईट वाटलं मला. पण तुला कोण विचारणार? बसून राहायचे बाहेरच्या बाकावर."

"सकाळी मी अंथरुणात असते," ताई म्हणाली.

कानसेनने वडी तोंडात टाकायला हात उचलला होता, तो तसाच राहिला.

"पडदा ओढलेला दिसायचा," तो शेवटी म्हणाला. "माइकवर आवाज यायचा. मी समजलो धाकट्या ताई आहेत. मी कशाला आत डोकावू?"

"आणि मामा, तुम्ही?"

मामांनी कप खाली ठेवला. "मी तर तूच समजत होतो, पोरी. तुझाच आवाज होता तो. मनाशी म्हटलं, सकाळी तू जास्त चांगली गातेस, हे तुला सांगू कसं?"

ताईने जाऊन काचेच्या खोलीचा पडदा सरकवला. स्टूल, स्टँड, माइक, हेडफोन. तिने मागचं दार ढकलून पाहिलं. कडी आतून लावलेली होती, आणि तिच्यावर गंज एवढा चढला होता की ती हलेना.

धाकटी म्हणाली, "ताई, घरी जाऊ या. राहू दे तो अल्बम."

पण ताई हटून बसली. अल्बम सोडायचा म्हणजे तो त्या आवाजाला देऊन टाकायचा. मग लोकांच्या कानांत कोण राहणार होतं, ती की तो आवाज?

"शेवटचं गाणं मी गाणार," ती म्हणाली. "डमी नाही. पडदा उघडा. तुम्ही दोघं काचेसमोर बसायचं आणि माझ्या तोंडाकडे बघायचं. मामा, वाजवा."

ती आत गेली. हेडफोन चढवला. कानात फक्त पियानो होता, स्वच्छ, एकटा. तिला हायसं वाटलं. सुरुवातीचे सूर संपत आले. काचेपलीकडे धाकटी मान हलवून धीर देत होती.

तिने तोंडाने श्वास घ्यायला ओठ उघडले.

त्याआधीच कानात कुणीतरी नाकाने श्वास घेतला. हळूच.

पहिला शब्द आला. गोड, निवांत. ताईने काचेबाहेर पाहिलं. कानसेनचे डोळे मिटलेले, चेहरा शांत. यांच्यापैकी कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

तिला संताप आला. घसा फाटला तर फाटू दे. तिने ठरवलं, आज आपल्या पद्धतीने गायचं, ठेक्याच्या पुढे, जुन्या तोफेसारखं. तिने पोटातून सगळा जोर लावला आणि सूर सोडला.

तो मऊ आला. आणि त्या आवाजाच्या मागून आला. केसभर.

तिने पुढची ओळ लवकर उचलली. तीही मागूनच आली.

तिने न गायचं ठरवलं. तोंड मिटलं. कानातल्या आवाजाने ओळ म्हटली, आणि तिचे ओठ उघडले.

तिने हेडफोन ओरबाडून काढला आणि स्टँडवर टाकला. कानातला पियानो बंद झाला.

आवाज बंद झाला नाही.

गाणं शेवटपर्यंत झालं. मामांनी शेवटचा सूर दाबून धरला, विरू दिला आणि रुमालाने डोळे टिपले. खोलीतल्या लहान स्पीकरवर कानसेन म्हणाला, "ताई, कमाल! हेडफोन का काढलात? ठीक आहात ना?"

मला बाहेर काढा, ताईला म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होते.

'हो,' कानात आवाज म्हणाला, 'सगळं ठीक आहे.'

"हो," ताई म्हणाली. "सगळं ठीक आहे."

धाकटी धावत आली, दार उघडून आत शिरली आणि तिने ताईला मिठी मारली. ती रडत होती आणि हसतही होती. "मी बघत होते ना, तूच गात होतीस! दुसरं कुणी नव्हतं. सगळे मनाचे खेळ गं." तिने ताईच्या कपाळावरचे केस मागे सारले. "आता घरी जायचं ना?"

ताई तिच्याकडे बघत उभी राहिली, आपण काय उत्तर देतो ते ऐकू येण्याची वाट पाहत.