अडीच वाजताचा निळा दिवा

"माझ्या कॉम्प्युटरमध्ये कोणीतरी लुडबुड करतंय. संध्याकाळपर्यंत चोर सापडला नाही, तर मी तो भंगारात देणार," तात्यारावांनी खासगी तपासनीस उल्का रानडेला तुटकपणे सांगितलं.

तिचा मदतनीस रामदास मनात वैतागला. स्थळांच्या चौकशा सोडून आता हे काय नसतं लचांड!

सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमधलं ते लिनक्सचं मशीन तात्यारावांच्या मुलाचं, आमोदचं. सहा वर्षांपूर्वी बापाशी भांडून तो गेला तो गेलाच. यंदा घरात केबलचं इंटरनेट आलं. केबलचा आणि आमोदच्या वेळचा वायरलेसचा, असे जोडणी चालवणारे दोन्ही ड्रायव्हर चालू झाले की नेट ठप्प व्हायचं. मेकॅनिक वायरलेस बंद करून जायचा आणि दोन दिवसांत ते पुन्हा चालू.

तात्यारावांचा संशय भाडेकरू सुदर्शनवर. तो म्हणाला, हिंजवडीला नऊला जातो, आठला येतो, तुमच्या मशीनला हात लावायला वेळ कुणाला आहे? तात्यारावांच्या पत्नी सुशीलाबाई म्हणाल्या, मला बाई यातलं काही कळत नाही, फक्त मशीनमागचा वायरलेसचा निळा दिवा विझला की चुकल्यासारखं होतं.

उल्काने मशीनमधल्या नोंदी रामदासला दाखवल्या. प्रत्येक वेळी दुपारचे अडीच. तीन-चार चुका करून मग बरोबर टाइप केलेली, वायरलेस चालू करायची आज्ञा, तीही जुन्या पद्धतीची.

मग तिने सगळ्यांना बसवलं.

"सुदर्शन कामात मुरलेला आहे, तो इतक्या चुका करणार नाही. शिवाय तेव्हा तो ऑफिसात असतो. तात्याराव, अडीचला आपण?"

"झोपलेला. एक ते चार."

"मग जागं एकच माणूस उरतं. आणि ही आज्ञा त्यांना सहा वर्षांपूर्वी कोणीतरी शिकवली आहे."

सुशीलाबाईंनी लपवलं नाही. जाताना आमोद म्हणाला होता, आई, हा दिवा लागला की तू तिथे बसली आहेस हे मला कळेल. तेव्हापासून रोज दुपारी त्या तिथे बसत होत्या.

"पण त्या वायरलेसचं कनेक्शन तर कधीच बंद झालंय," रामदास बोलून गेला आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"म्हणजे त्याला कळतच नव्हतं?" सुशीलाबाईंनी विचारलं.

 तात्यारावांनी फोन हातात घेतला.

"नंबर आहे त्याचा तुझ्याकडे?"

सुशीलाबाईंनी दहा आकडे न अडखळता सांगितले. या घरात त्याचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतंत, म्हणून कधी लावला नाही, म्हणाल्या.

तात्यारावांनी चष्मा लावून एकेक आकडा दाबला. फोन बायकोला द्यायचा होता. पण पलीकडे रिंग वाजू लागली, तेव्हा त्यांनी तो स्वतःच्याच कानाला धरून ठेवला.