सातवी नक्षी

त्या दिवशी काम काय, तर बहिणीची पोरं सांभाळायची. एवढंच. रोतियाताईला दुपारी कळा सुरू झाल्या. तिचा नवरा बाउरो तिला ट्रकमध्ये बसवून दवाखान्यात घेऊन निघाला. जाता जाता ताई म्हणाली, "तेको, पोरांवर ओरडू नकोस गं. तुझं तोंड म्हणजे भोंगा." अशा अवस्थेतही टोमणा! मी म्हटलं, "तू आधी धडपणे घरी ये, मग बघू भोंग्याचं."

पोरं दोन. मेआ सात वर्षांची, तिबाऊ चारचा. त्यांना भात आणि डब्यातला मासा भरवला. अंधार पडला, आणि सातच्या आसपास वीज गेली.

आमच्या बेटावर वीज जाण्याचं कोणाला कौतुक नाही. पण त्या संध्याकाळी वारासुद्धा नव्हता. जमीन आमची एवढीशी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला आतलं उथळ पाणी. दोन्हीकडचा आवाज घरात येतो. शेजारच्या दुकानाचा जनरेटर थोडा धडधडला आणि गप्प झाला. उरला आमचा सौरदिवा. तोही मरतुकडा, कारण दिवसा उन्हात ठेवायला मीच विसरले होते. मोबाईल बंद पडलेला. ताईचं काय झालं, कळायला मार्ग नाही.

"आई कधी येणार?" तिबाऊने विचारलं.

"बाळ झालं की."

"आता झालं?"

"अरे बाबा, मी काय तिथे बसलेय?" मी खेकसले. त्याचा चेहरा रडवेला झाला. मग मलाच वाईट वाटलं, आणि मी खिळ्यावरचा दोरा काढला.

दोऱ्याचा खेळ आमच्याकडे प्रत्येक पोराला येतो. दोऱ्याची दोन टोकं बांधायची, तो दोन्ही हातांच्या बोटांत अडकवून नक्षी करायची, मग समोरच्याने ती आपल्या बोटांवर उचलून पुढची करायची. मला हा खेळ आईच्या मामांनी शिकवला. शिकवताना एक गोष्ट त्यांनी दहादा बजावली होती. मेलेल्या माणसाला वाटेवर एक म्हातारा भेटतो, दोरा घेऊन बसलेला. त्याच्यासोबत सातही नक्ष्या ओळीने केल्या की पुढची वाट उघडते. म्हणून जिवंत माणसांनी खेळताना चौथी गाळायची. त्यातून घरचं कोणी बाळंतपणाला गेलेलं असेल, तर गाळायचीच.

मी तिसरीवरून पाचवीवर गेले, तर तिबाऊने भोकाड पसरलं. "चौथी राहिली! मावशी, तू फसवतेस!"

मेआही त्याला सामील. "कर ना गं मावशी. चौथीत तर कासव होतं."

माझं डोकं उठलं होतं. म्हटलं, होऊन जाऊ दे कासव. केली चौथी. माझ्या हातून हे घडलं, आणि ह्या एकाच गोष्टीबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

पाचवीला दिवा विझला. अंधारात पोरांची चुळबुळ झाली. मी म्हटलं, "घाबरू नका. दोऱ्याला उजेड कशाला हवा? बोटांनी चाचपा." समोरून हात आले. पाचवी माझ्याकडून उचलली गेली, अगदी सफाईने. मी म्हटलं, "शाब्बास गं मेआ!" पुढे तिकडूनच सहावी झाली आणि ताणून माझ्यापुढे धरली गेली.

तेवढ्यात मागच्या दाराबाहेरून मेआची हाक आली. "मावशी, तिबाऊला शू लागली होती. मी घेऊन आलेय त्याला."

माझी बोटं दोऱ्यात होती. समोरची बोटंही दोऱ्यात होती.

ती गार होती. ओली. आणि दवाखान्यात येतो तसला औषधाचा वास... मी हळूच चाचपलं. उजव्या हाताच्या तर्जनीला टोकाचं पेर नव्हतं. मासे साफ करताना ताईचं ते पेर गेलं, तेव्हा रक्त थांबवायला फडकं मीच बांधलं होतं.

"ताई...?"

दोरा फक्त जरासा पुढे आला. घे, म्हणाल्यासारखा. सातवी माझ्याकडूनच व्हायची होती.

"नाही करायची मला. ताई, घरी ये गं... पोरं वाट बघतायत."

दोरा पुन्हा पुढे आला. ह्या वेळी जोरात. मी काही विचार केला नाही. सगळा दोरा मुठीत गोळा केला, वेडीवाकडी बोटं घातली, गुंता केला, गाठीवर गाठ मारली. पलीकडून ओढ लागली. दोरा माझ्या कातड्यात रुतला. मी दात खाऊन धरून राहिले आणि ओरडले. खरंच भोंग्यासारखी ओरडले, "सोड! सोड म्हणते ना!"

ओढ गेली. दिवे आले. दारात दोन्ही पोरं उभी होती, आणि माझ्या मुठीत गाठींचा गोळा होता.

सकाळी बाउरो आला. मुलगा झाला होता. बाउरो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. "रक्त थांबेना गं तेको. श्वास बंद पडला होता तिचा. दवाखान्याच्या घड्याळात तेव्हा साडेसात झाले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते... आणि मग ती एकदम ओरडली, 'सोडते, सोडते' म्हणून."

ताई आठवड्याने घरी आली. धडधाकट. ह्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. तो गोळा मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून आढ्याला, छपराच्या झावळ्यांमागे खुपसून ठेवला. जाळायचा धीर झाला नाही. ताईला एका शब्दाने बोलले नाही. पोरांनाही माहीत नाही. तुम्हालाच आज सांगतेय.

काल संध्याकाळी पुन्हा वीज गेली. धाकट्याने कुरकुर लावली, तशी ताई त्याला मांडीवर घेऊन चटईवर बसली. गाणी म्हणत होती, हसवत होती. मी चुलीपाशी होते. गाणं मध्येच थांबलं.

"तेको," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, लाडीगोडीचा. "आढ्याला डबा आहे बघ. त्यातला दोरा दे ना गं. एकच तर राहिलीय."

मी चुलीतलं जळतं लाकूड उचलून वळले. ताईने दोन्ही हात पुढे धरले होते, बोटं फाकून. आणि तिच्या मांडीवरच्या पोरानेही.