कडेच्या पलीकडचा माळ

रांजणगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. मशीनवरून आलेला पार्ट गेजमध्ये बसवून बघायचा. बसला तर पुढं, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये. दिवसभर हेच. त्यामुळे ‘बहुतेक’, ‘साधारण’ असल्या शब्दांवर माझा फारसा विश्वास नाही.

गेम बनवायचा नाद मला डिप्लोमाला असताना लागला. तेव्हा वरवंडला, माहेरी, वेळच वेळ होता आणि धड काही बनलं नाही. लग्न होऊन निमोण्याला आले, नोकरी लागली, आणि हातात वेळ उरला नाही तेव्हा बनायला लागलं. सकाळी भाकरी उरकल्या की कंपनीची बस येईपर्यंत सापडेल तेवढा वेळ, आणि गुरुवारच्या सुट्टीची दुपार. कधी एका बैठकीत एक बाभूळ व्हायची, कधी तीही नाही. सम्राट, माझा नवरा, दौंडला रेल्वेत आहे. आठवड्यातून एकदा यायचा, बघायचा आणि म्हणायचा, “झालं का गं तुझं झाड?”

गेम साधा होता. एक बाई सरपणाचा भारा घेऊन माळावरून चालते. दिवस मावळायच्या आत तिला घर गाठायचं असतं. माळ आमचाच, गावाच्या वरच्या अंगाचा. ओढा, मुरमाड चढ, बाभळी. बाई म्हणजे माझ्या सासूबाई, आक्काबाई; मी त्यांना आई म्हणते. मी त्यांना कायम चालतानाच पाहिलं होतं. मग गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी त्यांचं डावं अंग गेलं आणि त्या खाटेला लागल्या. बोलणं जड झालं, डाव्या हाताची मूठ मिटली ती उघडलीच नाही.

मी खाटेच्या पायथ्याशी लॅपटॉप घेऊन बसायचे. त्यांना दिसेल असा स्क्रीन फिरवायचे. स्वतःला चालताना बघून त्या हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी मी चहाचा कप घ्यायला कीबोर्डवरून हात काढले, आणि बाई चालतच राहिली. ओढ्यापर्यंत गेली, थांबली, पदरानं मान पुसली.

मान पुसण्याची हालचाल मी बनवलीच नव्हती.

चूक असणार, असं धरून मी कोड तपासला. काही सापडलं नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तेव्हा मी चालण्याचा अख्खा भागच काढून टाकला. आता कळ दाबली तरी बाई हलायला नको होती. गेम सुरू केला. बाई जरा वेळ उभी राहिली, मग तिनं डोक्यावरचा भारा सावरला आणि चढाला लागली.

त्या संध्याकाळी बसमधून उतरले तर शेजारच्या गिताबाई ओट्यावरच उभ्या होत्या. मी कामावर असताना त्याच सासूबाईंचं बघायच्या.

“सीमा, म्हातारीला कुणी उतरवलं व्हतं का गं खाली?”

“नाही. का?”

“चल, बघ तूच.”

आईंच्या दोन्ही तळपायांना मुरमाची पांढरी धूळ होती. टाचेच्या भेगांत गच्च बसलेली. लुगड्याच्या काठाला कुसळं होती, ओली नाही, जुनी नाही, आत्ता लागलेली.

“तुम्ही यांना बाहेर नेलं होतं का?” मी विचारलं.

“मी? येकटी?” गिताबाईंचा चेहराच उतरला. “कूस बदलायला दोघी लागतोय आपण. काय बोलती तू!”

मी पाणी तापवून पाय धुतले. पाणी गढूळ झालं. आई छताकडे बघत होत्या. चेहरा मात्र दिवसभर राबून आलेल्या माणसासारखा, थकलेला आणि निवांत.

सम्राटला फोनवर सांगितलं.  “बंद कर ते,” तो एवढंच म्हणाला.

मी बंद केलं. सकाळचा वेळ मोकळा पडला आणि आईंनी जेवण सोडलं. घास ओठाशी नेला की भिंतीकडे तोंड. शिरूरहून डॉक्टर येऊन गेले. अंगात दुसरं काही नाही म्हणाले. ऐन वैशाखात, गुरुवारी दुपारी, त्यांनी माझं मनगट उजव्या हातानं धरलं. त्या धरण्यात जोर होता.

“माळ दाव,” त्या म्हणाल्या. “सीमे. माळ.”

सम्राटचा शब्द मला आठवत होता. समोर त्यांच्या गळ्याची हाडं दिसत होती. मी लॅपटॉप उघडला.

बाई या वेळी ओढ्याशी थांबली नाही. बाभळी मागं टाकून सरळ वर निघाली, आणि ती कुठं चाललीय ते माझ्या लक्षात आलं. माळ मी जेवढा वेळ मिळाला तेवढाच बनवला होता. चढाच्या पलीकडे काही नव्हतं, फक्त राखाडी पोकळी. तिथून काही खाली गेलं की पडत राहतं. मी दगड टाकून पाहिले होते. त्यांना तळ नव्हता.

“आई, थांबा,” मी खाटेकडे वळून म्हणाले. स्क्रीनकडे नाही.

त्यांचे डोळे मिटलेले होते. चादरीखाली पाय हलत होते. दोन्ही. डावासुद्धा.

मी गेम बंद करायला कळा दाबल्या. काही झालं नाही. स्विच दाबून धरला. स्क्रीन तसाच उजळ. बाई कडेला पोचली. तिनं भारा उतरवून खाली ठेवला.

आणि पाऊल टाकलं.

ती पडली नाही. पावलाखाली जमीन होती. पुढच्या पावलाखालीही होती. राखाडीतून ती चालत गेली आणि तिच्या दोन्ही अंगांना हळूहळू उजेड पसरत गेला. रानं, बांध, लांबवर पाण्याची चकाकी. मला दहा जन्म मिळाले तरी बनवता येणार नाही असं. माझ्या गेममध्ये आवाज नव्हता, ते काम अजून व्हायचं होतं. पण टिटवी ओरडलेली मी ऐकली.

माझे हात मांडीवर पडले होते. मी भ्याले नव्हते. नुसती बघत होते.

बाई ठिपक्याएवढी झाली. मग दिसेना.

चादर हलायची थांबली. मी आईंच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता, पण लांबून आल्यासारखा.

बाहेर उन्हं कलली. गिताबाई येऊन दारातच थबकल्या. तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

मग आईंनी खोल श्वास घेतला आणि डोळे उघडले.

त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. मूठ उघडली. आत हरभऱ्याचे घाटे होते, हिरवेगार, डहाळ्यासकट. दहिवरानं ओले. घाट्यांवर बोट फिरवून मी जिभेला लावलं. हरभऱ्याच्या पाल्यावर धरते ती आंब होती. आंबट, खारी, पहाटेच्या रानातली. वैशाखात अख्ख्या तालुक्यात हिरवा हरभरा नसतो.

“कुणी दिलं, आई?”

“कुणी म्हंजी?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग कीव आल्यासारखा त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. डावा हात.

“तूच की. वळखूच ईना आधी. तिथं लई म्हातारी झालीयास गं.”