राहिलेला उत्तररंग

मुलुंडला महामार्गावर नव्या उड्डाणपुलांचा गुंता उभा राहत होता. एक पूल वळसा घेऊन दुसऱ्याच्या खांद्यावर चढे. सगळे खांब वेळेवर उभे राहिले, एक सोडून. त्याच्यासाठी जमिनीत खोल भोक पाडावं, तर सकाळी ते भरलेलं. कडा धरून राहाव्यात म्हणून आत बेंटोनाइटचा राखाडी चिखल ओतला, लोखंडी नळा ठोकला. उपयोग शून्य.

"मॅडम, या खड्ड्याने वाट लावली आपली," मशीनवरचा निलेश म्हणाला. "माती कोसळत नाय. पुढं सरकते. पब्लिक जवळ सरकून बसतं ना, तशी."

सुलक्षणा हसली नाही. साइट इंजिनियर ती. मातीचे अहवाल तिनं पुन्हा पुन्हा वाचले होते. वरून निरोप आला होता, आणखी एकदा फसलं तर खांब पूर्वेला घ्या. पूर्वेला चाळ होती.

त्या चाळीतल्या शकूमावशी रोज दुपारी पत्र्याच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहत. सुलक्षणानं त्यांना चहाला आत बोलावलं.

"इथंच देऊळ होतं गो बाय," मावशी म्हणाल्या. "देव तुम्ही मानानं पलीकडे नेलात, त्याबद्दल काही नाही. पण आमच्या ह्यांचं कीर्तन अर्धं राहिलं."

हे म्हणजे धाकूबुवा. पूर्वरंग झाला होता, बुक्का लागला होता. हार घालून घ्यायला बुवा वाकले, ते वाकलेच; तिथंच गेले. उत्तररंगाची कथा राहिली, आरतीही राहिली.

"त्या दिवसाचे श्रोते आता बरेचसे गेले. पण आरतीशिवाय उठायचं नाही, ही ह्यांचीच शिस्त. मग ती माणसं इथून उठतील कशी?"

वडिलांच्या मांडीवर पेंगत ऐकलेली कीर्तनं सुलक्षणाला आठवली. आरतीआधी घरी जायची सोय तिलाही कधी नव्हती.

"मावशी, कथा येते तुम्हाला?"

"जन्मभर त्यांच्यामागं झांज वाजवली. येणार नाय तर काय?"

संध्याकाळी यंत्रं थांबली. पदरावर पिवळं हेल्मेट घालून मावशी खड्ड्याशी उभ्या राहिल्या आणि सुदामदेवाची कथा लावली. आवाज पिकलेला, पण सुराला धरून. गरीब मित्र दाराशी आला हे ऐकून देव सिंहासनावरून अनवाणी धावला, तिथे त्या क्षणभर थांबल्या.

खड्ड्यातून एक निःश्वास आला. पुष्कळ माणसांनी मिळून सोडलेला.

निलेशनं हेल्मेट काढून छातीशी धरलं.

आरती झाली.

मग खालून लुगड्यांची सळसळ आली. बांगड्या वाजल्या. कुणीतरी खोकलं.

नंतर फक्त हायवेचा आवाज.

सकाळी भोकाच्या कडा जशाच्या तशा उभ्या होत्या. सळ्यांचा पिंजरा उतरला, काँक्रीट काठोकाठ भरलं. दिवेलागणीला सुलक्षणा एकटीच चाळीकडे निघाली. घरं वाचल्याचं मावशींना आपणच आधी सांगायचं, म्हणून तिनं चाळीत कुणालाही कळू दिलं नव्हतं.

चाळीच्या गॅलरीत पावलं उमटली होती. राखाडी, वाळलेली, अनवाणी, लहान, मोठी. प्रत्येक दाराशी दोन-चार वळली होती. सगळी आत गेलेली. परतलेलं एकही नाही.

मावशींच्या दारात एकाच माणसाची होती.

आतून त्यांचा हळू आवाज आला. "दमलात ना? आता कुठं जायचं नाय. घर राहिलं हो आपलं."

सुलक्षणाचा कडीकडे गेलेला हात तसाच राहिला.

आत मोरीवर कुणीतरी पायांवर पाणी घेत होतं.