दुर्बिणीनंतरचं दुखणं

"माह्या भावाले वयनीनं जहर देल्लं." शिरपूरच्या दौलतरावानं अशी फिर्याद दिली, तेव्हा जानरावाचं प्रेत अजून ओसरीतच होतं.

फौजदार तायडे आले. जानरावाला कावीळ झाली होती, पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. धाकटा भाऊ दौलतरावच त्याला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं तोंडातून दुर्बिणीची नळी घालून डॉक्टरांनी खडा काढला. काल दोघं गावी परतले आणि आज जानराव गेला.

वाशीमला प्रेत तपासलं. विषाची खूण नव्हती. स्वादुपिंड मात्र सुजून काळं पडलेलं. दुर्बिणीनंतर कधीकधी असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून रोग्याला दवाखान्यातच ठेवतात, उपाशी ठेवतात, सलाइन लावतात.

तायडे शिरपूरला परतले. अंगण माणसांनी भरलं होतं. जानरावाची बायको चंपाबाई एकटीच भिंतीशी बसलेली.

"घरी काय खाल्लं त्यानं?" तायड्यांनी दौलतरावाला विचारलं.

"पिठलं. डॉक्टरनं पाण्याचा थेंबही देऊ नका म्हणून सांगतलं होतं. तरी हिनं चारलं."

"दुखणं कधी लागलं?"

"जेवल्यावर. त्याच्या आंधी चांगला होता."

चंपाबाईनं नाकारलं नाही. त्यांना भूक नव्हती, दोन घास आपणच बळंच चारले, असं ती म्हणाली. उपाशी ठेवायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

जऊळक्याच्या स्टेशनवरून दोघांना आणणारा गाडीवान रूपला याला तायड्यांनी बोलावलं. जानराव वाटभर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता, रूपला म्हणाला. दवाखान्यात परत नेण्याची विनवणी करत होता. घरी प्रवासाचा शीण म्हणून सांग, असं दौलतरावानं जानरावाला बजावलं होतं.

तायडे दौलतरावाकडं वळले.

"दुखणं पिठल्याच्या आधीचं आहे. उपाशी ठेवायचं हे तुम्हाला ठाऊक होतं, वहिनीला नव्हतं. तुम्ही सांगितलंच नाही. सांगितलं असतं, तर तिनं विचारलं असतं, मग दवाखान्यातून आणलं कशाला? अशा रोग्याला डॉक्टर सोडत नाहीत, तरी तुम्ही आणलं. काहून?"



"माह्या पोरीले पाह्याले पाव्हणे येनार होते. बैठकीत मोठा भाऊ पाह्यजे होता. मले वाटलं, दुखनं आपोआप थांबून जाईन."

"आणि तो मेल्यावर वहिनीचं नाव घेतलं."



चंपाबाई पहिल्यांदाच दौलतरावाकडं बघून बोलली, "भाऊजी, एक शब्द सांगतला असता, तं मी त्यायले तसंच दवाखान्यात नेलं असतं."

खोट्या फिर्यादीसाठी तायड्यांनी दौलतरावाला जीपमध्ये बसवलं. भावाच्या मरणाला लावण्याजोगं कलम त्यांना सुचत नव्हतं.

सकाळपासून लांब बसलेल्या बाया आता चंपाबाईजवळ सरकल्या. एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला, उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.